वही उघडणारा साहेब

कामाचे तास किती असावेत यावर आपल्याकडे गेल्या दोन-तीन वर्षांत बोलायचं काही शिल्लक ठेवलेलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं, आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, हा त्यांचा सवालही. या दोन विधानांच्या मधल्या काळात, २०२४ मध्ये, पुण्यात नोकरीला लागून काही महिनेच झालेली एक तरुण सनदी लेखापाल मरण पावली आणि तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्राने देशभर चर्चा उसळली. प्रत्येक वेळी वाद रंगला तो तासांच्या आकड्यावर. पण तास ही कर्मचाऱ्याची बाजू झाली. ते तास ज्याच्या हाताखाली खर्ची पडतात तो साहेब दिवसभर नेमकं करतो काय, याची चौकशी कुणी केली नाही. माझं म्हणणं असं आहे, की चांगला साहेब होणं हा स्वभावाचा, वक्तृत्वाचा किंवा ‘व्हिजन’चा मामला फार थोडा आहे, तो रोजच्या, कंटाळवाण्या, वहीत मांडता येणाऱ्या सवयींचा मामला जास्त आहे. याचा बऱ्यापैकी भक्कम पुरावा शोधायला फार लांब जावं लागत नाही. पश्चिम रेल्वेने बोईसरला उतरलं की पुरतं.

२००८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेतल्या काही अर्थतज्ज्ञांनी, म्हणजे निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तारापूर आणि हद्दीपलीकडच्या उंबरगावच्या पट्ट्यात एक प्रयोग सुरू केला. कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांचे मिळून २८ कारखाने त्यांच्या अभ्यासात होते. ही काही चार माग टाकून बसलेली टपरीवजा युनिटं नव्हती. कंपनीमागे सरासरी पावणेतीनशेच्या आसपास माणसं आणि वर्षानुवर्षं चाललेला धंदा. तरीही आत शिरल्यावर दिसायचं ते असं: सुताची पोती इतकी उंच आणि खोल रचलेली की मागच्या पोत्यापर्यंत हात पोहोचू नये, कुठल्या पोत्यात कुठलं सूत याची चिठ्ठी नाही, दमटपणापासून आडोसा नाही, दबून चेपलेले कोन, ज्यांच्यावरून धागा सारख्या ताणाने सुटूच शकत नाही, हत्यारं ढिगात आणि सुटे भाग मालाच्या जुन्या खोक्यांत कोंबलेले. पलीकडे दुरुस्तीचं मोठं दालन, तिथे विणून झालेल्या ताक्यांतले डाग काढायला आणि तुटलेले धागे जुळवायला माणसं रांगेने बसलेली. एकूण मनुष्यबळाचा जवळपास पाचवा हिस्सा या तपासणी-दुरुस्तीत अडकलेला होता. मालकांना यात वावगं काही वाटत नव्हतं. आमचा माल आजूबाजूच्यांच्या मालापेक्षा वाईट नाही, असं त्यांचं उत्तर होतं, आणि ते खरंच होतं. आजूबाजूलाही तेच चाललं होतं.

कारखान्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. दोन्ही गटांची महिनाभर तपासणी झाली, पण पुढचे चार महिने सल्लागारांची फुकट मदत मिळाली ती एकाच गटाला. त्यांनी शिकवलेल्या ३८ पद्धतींमध्ये थक्क करणारं काही नव्हतं. ताक्यात निघालेला दोष कोणत्या मागावरचा, कोणत्या पाळीतला, कोणत्या प्रकारचा, हे रोज लिहायचं. ती नोंद रोज व्यवस्थापकाने पाहायची आणि त्यावर फोरमन-फिटरशी बोलायचं. माग बंद पडल्यावर धावाधाव करण्याऐवजी देखभालीचं वेळापत्रक ठेवायचं. सुताला चिठ्ठ्या लावायच्या, न लागणाऱ्या साठ्याची यादी करायची. बस्स. समजा, चौदा नंबरच्या मागावरच्या कापडात सलग तीन दिवस तेलाचे डाग निघाले. दुरुस्तीवाला ते पुसून काढतो, चौथ्या दिवशी पुन्हा पुसतो, आणि महिनोन्‌महिने पुसत राहतो, कारण डाग काढणं हे त्याचं काम. डाग येतो कुठून हे बघणं कुणाचंच काम नाही. नोंद मागाच्या नंबरवार ठेवली, की तिसऱ्या दिवशीच कुणीतरी म्हणतो, चौदाला एकदा बघून घ्या. फिटर जातो, गळती थांबते आणि दुरुस्तीच्या दालनातला एक माणूस मोकळा होतो. सुरुवातीला या कारखान्यांत ३८ पैकी जेमतेम पाव भाग पद्धती वापरात होत्या. मदत मिळालेल्या गटात ते प्रमाण साठ टक्क्यांच्या वर गेलं. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली, कापडातले दोष चाळीस टक्क्यांहून अधिक घटले, अडकून पडलेला सुताचा साठा उतरला. तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी दुसऱ्या गटाच्या तुलनेत जास्त नवे कारखाने उघडले. कुणाच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास करण्यात आला नव्हता. कुणाला डोंगरावरच्या रिसॉर्टवर नेऊन दोऱ्यांवर लटकवलं नव्हतं.

सतरा कंपन्या म्हणजे नमुना लहानच, आणि एका प्रयोगावर सिद्धान्ताची हवेली बांधू नये, हे मान्य. पण या प्रयोगाची एक बाजू आकड्यांपेक्षाही बोलकी आहे. कंपनी किती मोठी होणार, हे व्यवस्थापन किती चांगलं यापेक्षा मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती, यावर ठरताना दिसत होतं. एक भाऊ एका कारखान्यावर, दुसरा दुसऱ्यावर; तिसरा कारखाना काढायचा तर तिसरा भाऊ हवा. बाहेरच्या व्यवस्थापकावर कारभार टाकायची तयारी नव्हती, कारण तो काय करतो हे मालकाला स्वतः उभं राहून बघितल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. रोजच्या नोंदी सुरू झाल्यावर इथे बदल झाला. आकडे समोर येऊ लागले तसे मालक व्यवस्थापकांना थोडे अधिक अधिकार देऊ लागले. आपण उलटं समजत आलो आहोत. विश्वास ही मनाची श्रीमंती आहे, ती मोठ्या मनाच्या साहेबाकडे असते आणि कोत्या मनाच्या साहेबाकडे नसते, अशी आपली धारणा. तारापूरला विश्वास वाढला तो कामाची नोंद नीट झाल्यावर. ‘मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही’ असं दटावणारा साहेब दर वेळी अहंकारीच असतो असं नाही. पुष्कळदा त्याला खाली काय चाललंय हे खरोखर माहीत नसतं, आणि ती भीती तो अधिकाराच्या भाषेत बोलून दाखवतो.

हे सगळं मागावरच्या कापडाचं झालं, बुद्धीच्या कामाला ते कसं लागू होणार, असा आक्षेप हमखास येतो. हिंजवडीतला किंवा बीकेसीतला माणूस काही ताके मोजत नाही. तेव्हा गूगलचं उदाहरण बघू, कारण बुद्धीच्या कामाचा गर्व त्या कंपनीइतका क्वचितच कुणाला असेल. २००२ मध्ये तिथे अभियंत्यांवरचे व्यवस्थापक हटवून बघण्यात आले. हुशार माणसांना साहेब कशाला? ते काही महिनेच टिकलं. खर्चाची बिलं आणि आपसांतली भांडणं घेऊन माणसं थेट लॅरी पेज यांच्या दारात उभी राहू लागली. पुढे २००९ च्या सुमारास याच कंपनीने व्यवस्थापकांमुळे खरोखर काही फरक पडतो का, हे स्वतःचीच माहिती चाळून तपासायला घेतलं. फरक पडत होता. चांगल्या व्यवस्थापकांच्या ज्या आठ सवयी निघाल्या त्यांत पहिली होती हाताखालच्या माणसाला शिकवत राहणं, दुसरी प्रत्येक गोष्टीत नाक न खुपसणं. ऐकून घेणं, माहिती दडवून न ठेवणं, माणसाच्या पुढच्या वाटचालीला हात देणं हे मधे होतं. तांत्रिक ज्ञान आठवं, म्हणजे शेवटचं. प्रामाणिकपणे सांगायचं तर ‘व्हिजन’ही यादीत आहे, पण सातव्या नंबरावर. आता शिकवणं म्हणजे तरी काय? आठवड्यातून ठरलेल्या वेळी माणसाशी समोरासमोर बसून, गेल्या आठवड्यात तू कुठे अडकलास आणि मी त्यातलं काय सोडवू शकतो, हे विचारणं. तारखेनिशी, दर आठवड्याला, आपल्याला कंटाळा आला असला तरी. तारापूरच्या वहीचीच ही कार्यालयी आवृत्ती.

मग साहेब म्हणून आपण कुणाला नेमतो? ज्याला स्वतःचं काम सगळ्यांत चांगलं येतं त्याला. सर्वांत जास्त विक्री करणारा विक्री व्यवस्थापक होतो, सर्वांत चांगला कोड लिहिणारा टीम लीड, सर्वांत चांगला शिक्षक मुख्याध्यापक. माणूस आपल्या नालायकीची पायरी गाठेपर्यंत बढत्या घेत जातो, असं लॉरेन्स पीटर यांनी १९६९ मध्येच सांगितलं होतं. तेव्हा ते विनोद म्हणून वाचलं गेलं. २०१९ मध्ये ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू यांनी शंभराहून अधिक अमेरिकी कंपन्यांतल्या विक्री प्रतिनिधींची माहिती तपासली, तेव्हा विनोदाखालचं वास्तव बाहेर आलं. विक्री जास्त असेल तितकी बढतीची शक्यता जास्त, पण अशा विक्रीवीरांच्या हाताखालच्या माणसांची कामगिरी मात्र घसरलेली. उलट, आधी सहकाऱ्यांबरोबर मिळून विक्री केलेली, श्रेय वाटून घेतलेली माणसं व्यवस्थापक म्हणून बरी निघाली. याचा अर्थ हुशार माणसं वाईट साहेब होतात असा नाही. ज्या गुणासाठी त्यांना बक्षीस दिलं तो गुण नव्या कामाला लागत नाही, एवढाच. पहिल्या नंबरच्या विक्रेत्याला खुर्चीत बसवल्यावर हाताखालच्याचं गिऱ्हाईक निसटताना दिसलं, की त्याचे हात शिवशिवतात. ‘जाऊ दे, मीच बोलतो’ म्हणून तो स्वतः फोन उचलतो. गिऱ्हाईक वाचतं; पोरगा मात्र तिथल्या तिथे राहतो, पुढच्या वेळीही साहेबांकडेच बघतो. संध्याकाळी साहेब तक्रार करतो की यांच्यातला एकही धड तयार होत नाही.

मराठी माणसापुढे नेतृत्वाचा विषय काढला की गाडी थोड्याच वेळात शिवाजी महाराजांवर येते. यायलाच हवी. पण कॉर्पोरेट व्याख्यानांतून महाराजांचं जे रूप उभं केलं जातं ते बहुतेक वेळा प्रतापगड, आग्रा आणि सुरतेपुरतं असतं: धाडस, दूरदृष्टी, गनिमी कावा. त्या व्याख्यात्यांना मी १६७० च्या दशकातलं, चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना गेलेलं पत्र सुचवीन. पावसाळ्यासाठी घोडदळ तिथे मुक्कामाला होतं. पत्रात सगळा ध्यास आहे तो दाणा आणि वैरणीचा. साठा आत्ताच हवा तसा उडवलात तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरायला लागतील, मग तुमची माणसं रयतेच्या घरात शिरतील, कुणी धान्य उचलेल, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा, कुणी भाजीपाला. आणि रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. त्याहून बारीक गोष्ट आगीची. चुली कुठे पेटतात, तंबाखू कोण ओढतं, रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात तोंडात धरून गवतापर्यंत नेईल, इथपर्यंत विचार त्यात आहे. राज्य उभं करणारा माणूस उंदराने पळवलेल्या वातीचा विचार करत होता! आणि तो विचार छावणीतल्या माणसांच्या शिस्तीपासून सुरू होऊन शेतकऱ्याच्या मनातल्या राज्याविषयीच्या भावनेपर्यंत सलग जातो. दूरदृष्टी हवीच असेल तर ती ही. इथे ध्येय आणि वैरणीचा हिशेब ही दोन वेगळी खाती नाहीत.

सरकारी कार्यालयं या बाबतीत कायमची नापास, असं म्हणायची सोय आहे, पण अगदी तसं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिल लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची जी घडी बसवली ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली आणि राज्याबाहेरही लोक ती बघायला गेले. बसायची व्यवस्था, कपाटातली जुनी दप्तरं, कुठला कागद कुठे सापडेल, कुणाच्या टेबलावर काय पडून आहे, असल्याच गोष्टींना त्यांनी हात घातला. महसूल खात्यात नोकरी केलेल्या माणसाला सहा गठ्ठ्यांची पद्धत वेगळी सांगावी लागत नाही: चालू प्रकरणं, उत्तराची वाट बघणारी प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. टेबलावर सहा गठ्ठे नीट लागलेले असले की अव्वल कारकून रजेवर गेला तरी शेजारच्याला प्रकरण सापडतं, आणि दाराशी आलेल्या माणसाला ‘साहेब आल्यावर या’ असं सांगावं लागत नाही. यात लोकांना प्रेरणा देणारं भाषण कुठेच नाही, तरी खेड्यातून एसटीने आलेल्या माणसाची दुसरी खेप वाचते. माझ्या मते ते नेतृत्वच आहे, आणि उच्च दर्जाचं.

आता सगळ्यांत मोठा आक्षेप, आणि तो मला पुष्कळसा पटतो. नोंदी, रकाने, तपासण्या यांचा सुकाळ आपल्याकडे कमी आहे का? आयएसओचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेल्या किती कार्यालयांत तपासणीच्या आदल्या रात्री बसून वर्षभराच्या वह्या भरल्या जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. सवयींचं कर्मकांड व्हायला वेळ लागत नाही. वैद्यकाच्या क्षेत्रात याचा नमुनाच घडला. ज्यांचं वडिलोपार्जित गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे ते शल्यविशारद अतुल गवांदे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या वेळी वाचायची १९ मुद्द्यांची यादी केली. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर आलं. पुढे कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ती यादी शंभरावर रुग्णालयांत लागू झाली, रुग्णालयांनी आम्ही ती पाळतो असं कळवलंही, आणि २०१४ च्या अभ्यासात मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक काही सापडला नाही. कागद तोच असताना असं का झालं, यावर तज्ज्ञांत बराच खल झाला. मला पटणारं उत्तर असं, की खुणा करायला माणूस लागत नाही, पण थांबायला लागतो. यादीतला एक मुद्दा खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगण्याचा आहे. वरवर पोरखेळ. पण ज्या परिचारिकेने एकदा तोंड उघडून नाव सांगितलं आहे ती, बाजू चुकते आहे असं वाटलं तर, पुन्हा तोंड उघडण्याची शक्यता अधिक. मोठ्या डॉक्टरने यादी आदळआपट करत उरकली तर ती गप्प बसते आणि कागदावर बरोबरची खूण मात्र होते.

म्हणजे वही असून भागत नाही, वाईट बातमी लिहिणाऱ्याचं पुढे काय होतं यावर ती खरी की खोटी हे ठरतं. एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात अमेरिकी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासताना एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. ज्या विभागांचं नेतृत्व चांगलं, जिथे माणसं एकमेकांना धरून होती, तिथे चुका जास्त दिसत होत्या. तिथे चुका जास्त होत नव्हत्या. त्या सांगितल्या जात होत्या. बाकीच्या विभागांत आकडा स्वच्छ होता कारण तोंडं बंद होती. ज्या साहेबाच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये सगळे आकडे दर महिन्याला हिरवे असतात त्याने खूश होण्याऐवजी जरा घाबरावं. उशीर होणार आहे हे त्याला माणसांनी दहा दिवस आधी सांगितलं की दहा दिवस नंतर, हा त्याच्या व्यवस्थापनाचा खरा निकाल. आणि तो निकाल एका क्षणात लागतो: पहिल्यांदा कुणी ‘सर, हे वेळेत होणार नाही’ म्हणालं तेव्हा साहेबाने काय विचारलं? ‘कुणामुळे?’ की ‘कशामुळे?’ पहिला प्रश्न विचारला असेल तर दुसऱ्यांदा कुणी सांगायला येत नाही.

यातूनच कामगार चळवळीतल्या लोकांचा आक्षेपही येतो, की नोंदींचं हे कौतुक शेवटी पाळतीवर जाऊन थांबतं. लॅपटॉपच्या पडद्यावर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर, डिलिव्हरीच्या पोराचा मिनिटामिनिटाचा माग, बाथरूमला किती वेळ लागला याचा हिशेब. भीती रास्त आहे आणि ती झटकून टाकण्यात अर्थ नाही. तारापूरला वाढलेल्या नफ्यातलं कामगाराच्या पदरात किती पडलं, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे. पण तिथली वही मागाविषयी होती, विणकराविषयी नव्हती. चौदा नंबरच्या मागात बिघाड काय, हे ती विचारत होती. पाळत ठेवणारी वही विणकर जागेवरून किती वेळा उठला ते विचारते. पहिल्या वहीमुळे काम करणं सोपं व्हायला हवं. ते होत नसेल तर ती बंद करावी. शिवाय चांगली नोंद साहेबाच्याही विरोधात बोलू शकते. एका मुलीवर एकाच वेळी किती जणांची कामं टाकली आहेत, मुदती कुणी एकमेकींवर चढवल्या, रात्री अकरा वाजता ‘उद्या सकाळपर्यंत हवंय’ हा निरोप आठवड्यात किती वेळा गेला, हे सगळं एका पानावर मांडता येतं. बहुतेक कार्यालयांत ते पान अस्तित्वातच नसतं, आणि नसण्याचा फायदा कुणाला होतो हे उघड आहे. ७० की ९० या वादात ते पान मागणारा आवाज मला ऐकू आला नाही.

राहिला वेळेचा मुद्दा. हे सगळं करायचं कधी? मधल्या फळीतल्या साहेबाला स्वतःचं टार्गेट असतं, वरून दिवसाला चार मीटिंगा असतात, व्हॉट्सॲपवर पाच ग्रुप असतात. तक्रार खोटी नाही, आणि तिलाही तारापूरचाच दुजोरा आहे. २०१७ मध्ये, म्हणजे जवळपास आठ-नऊ वर्षांनी, तेच अभ्यासक त्याच कारखान्यांत परत गेले. त्या वेळी अंगीकारलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटलेल्या होत्या. तरीही मदत न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा हे कारखाने बरेच पुढे होते, आणि एका कारखान्यात रुजलेल्या पद्धती त्याच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यांत गेल्या होत्या. शेजारच्या कंपनीत मात्र फारशा गेल्या नव्हत्या. सुटल्या त्या का सुटल्या, याची दोन कारणं ठळकपणे पुढे आली: व्यवस्थापक बदलला, किंवा संचालकांना वेळ उरला नाही. लखिना पॅटर्नला ज्यांनी जवळून पाहिलं त्यांना यातलं पहिलं कारण वाचून हसू येईल. बदलीचा आदेश निघतो आणि नव्या साहेबाबरोबर गठ्ठ्यांचा नवा पसारा येतो. दुसरं कारण अधिक गंभीर आहे, कारण वेळ ‘उरत’ नसतोच, तो काढून ठेवावा लागतो, आणि तो काढून ठेवण्याचा अधिकार मधल्या साहेबाकडे नसून त्याच्या वरच्यांकडे असतो. ज्याच्या हाताखाली दहा माणसं दिली त्याच्या डोक्यावरचं स्वतःचं टार्गेट तेवढंच ठेवायचं आणि तो माणसांकडे बघत नाही म्हणून त्याला दोन दिवसांच्या नेतृत्वशिबिराला पाठवायचं, हा संस्थेने स्वतःची केलेली फसवणूक आहे.

म्हणून सुधारणा सुरू व्हायची तर ती शिबिरापासून न होता बढतीच्या आणि पगारवाढीच्या कागदापासून व्हायला हवी. उत्तम विक्रेत्याला, उत्तम प्रोग्रॅमरला माणसं न सांभाळताही पगार आणि मान वाढत जाईल अशी शिडी असली पाहिजे. पगार वाढायला साहेबच व्हावं लागत असेल तर नको ती माणसं साहेब होत राहणार. ज्याला माणसं द्यायची त्याचं स्वतःचं काम मोजून कमी केलं पाहिजे. आणि मार्चअखेर जो अप्रेझलचा फॉर्म भरून घेतला जातो त्यात साहेबांसाठी एक रकाना वाढवावा: गेल्या तीन महिन्यांत हाताखालच्या माणसाने सांगितलेली कोणती अडचण तुम्ही दूर केली? अडचण कधी कळली आणि कधी सुटली, दोन्ही तारखा लिहा. उत्तर त्या माणसालाही दाखवलं जाईल, हे खाली छापलेलं असावं. ज्याचा रकाना कोरा राहील त्याला विक्रीच्या आकड्यावर पगारवाढ द्यायची तर खुशाल द्यावी. त्याच्या हाताखाली आणखी माणसं मात्र देऊ नयेत.